भाडं, धुळे ते सारंगखेडा

लोटन भोई म्हणाला, धुळ्याहून नाव आणायची आहे.
मला वाटलं लाकडाची असेल, चार माणसं लागतील.
बंद पडलेल्या रिसॉर्टच्या मागे
ती भिंतीला टेकून उभी होती,
पिवळी, प्लास्टिकची, सोललेल्या मक्यासारखी,
आणि वॉचमन तिला कयाक म्हणत होता.

लोटनने एकट्याने ती खांद्यावर घेतली.
तळाला चार भोकं, आरपार.
मी बोट घातलं, ते पलीकडून बाहेर आलं.
"काका, फसवलं तुम्हाला. ही तर चाळणी."
तो हसला.
"पानी जसं येस, तसं चालनं जास, भो."

पिकअपचा हौदा साडेआठ फूट,
नाव अकरा.
उरलेल्या अडीच फुटांत आमची दुपार गेली.

आधी तिरपी टाकली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.
शेपूट बाहेरच.
मग केबिनवर तिचं नाक चढवलं,
तर ती आभाळात पाणी शोधतेय असं दिसायला लागलं;
शिवाय सोनगीरचा वारा मला माहीत आहे,
माझ्या दोन ताडपत्र्या त्याच्याकडे आहेत.
शेवटी पालथी घातली.
मागचा फाळका पाडला, खाली मिरचीची रिकामी पोती,
कडेला फाटकी ट्यूब, आणि वरून माझा निळा दोर,
हुकातून हुकात.

मी पाय लावून ताणला.
"इतलं आवळू नको. उन्हामा दबाई जाई."
सैल सोडला तर उडेल.
तेवीस वर्षं पोती बांधतोय मी,
पोतं कधी बोललं नाही
कुठे दुखतं ते.

शेपटाला लाल फडकं लागतं.
लोटनने पिशवीतून भाकरी काढली,
तिचं फडकं सोडून नावेला बांधलं,
आणि आता भाकरी उघडी पडली म्हणून
आम्ही तिथेच जेवून घेतलं.

तो पुढे बसायला तयार नव्हता.
मागे, पालथ्या नावेला पाठ लावून,
एक हात दोरावर.
आरशात मला त्याचं फक्त कोपर दिसायचं.
खड्डा आला की कोपर आधी हलायचं,
नाव नंतर.

चिमठाण्यात पोरं धावली. "हाई काय शे?"
एक म्हणाला विमानाचं पंख,
एक म्हणाला मगर,
एका म्हातारीने विचारलं, गव्हाण केवढ्याला घेतली.
पुढे नाक्यावर हवालदाराने काठीने टकटक केलं.
"पासिंग कुठलं हिचं?"
मागून आवाज आला, "तापीचं."
त्याने जाऊ दिलं.
का, ते मला अजून कळलेलं नाही.

दोंडाईच्यात मिरची वाळत होती, पाऱ्यांवर, एकरच्या एकर.
तिथे आमचं फडकं कुणाला दिसणार.
लोटन सात वेळा शिंकला, मी मोजलं.

मग पूल.
केबिनच्या पत्र्यावर त्याने दोनदा थाप मारली.
थांबलो. मागच्यांनी हॉर्न दिले.
खाली नदी काठोकाठ अडवलेली,
वर नाव,
मधे माझी गाडी, उगाच.
थर्मोकोलच्या लादीवर मांडी घालून
अकरा वर्षं त्याने या पाण्यात गळ टाकला होता.
आता तो वरून बघत होता,
ओळखीच्या घराचं छप्पर
पहिल्यांदाच दिसावं तसा.
"चाल," म्हणाला.

काठावर दोर सोडला, तर त्याने तो
सोडलाच नाही. हाताभोवती गुंडाळत राहिला.
"दगड बांधाले व्हई."
माझा चांगला, वीस हाती दोर.
भाड्यातून कापू का, विचारलं त्याने.
मी म्हणालो, राहू द्या.
घरी पोचेपर्यंत त्याचा पस्तावा होत होता,
खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी उसन्या दोराने मिरची बांधली.
घट्ट बांधली.
पुलावर आलो की हल्ली वेग कमी होतो.
कधी दिसतो तो पिवळा ठिपका, कधी नाही.
दिसला की मी त्याला बघत नाही,
त्याच्या खालचं बघतो,
जिथे माझा दोर सरळ उभा असेल पाण्यात,
कुणीही न आवळलेला.